क्रूझचे पाहुणे आणि उत्तनची ताडी

महिनोन्‌महिने समुद्रावर चालणाऱ्या जगप्रदक्षिणेच्या क्रूझ जहाजांना बहुतेक बंदरांत लाभतो तो अवघा एक दिवस. सकाळी धक्क्याला लागायचे आणि सायंकाळी निघायचे. या आठ-दहा तासांत प्रवाशांना त्या भूमीची काही ओळख व्हावी म्हणून सहली आखल्या जातात आणि त्यांत स्थानिक पेयांच्या उत्पादकांना भेट हा प्रकार विशेष लोकप्रिय आहे. मदेरा बेटावरील फुंशाल बंदरात उतरलेला प्रवासी लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरणाऱ्या वाइनची कोठारे पाहतो, स्पेनच्या कादिझ बंदरातून तो हेरेझला शेरी चाखावयास जातो आणि कॅरिबियन प्रदेशातील बार्बाडोसला पोहोचला की उसाच्या मळीपासून रम कशी बनते, हे त्याला दाखविले जाते. पेयाच्या एका घोटात त्या प्रदेशाची माती, हवामान, शेती, व्यापार आणि कायदा असे सारेच उतरलेले असते. म्हणूनच ही सहल वरकरणी चैनीची वाटली, तरी ती एक प्रकारे इतिहासाची शिकवणीच असते.

हीच जहाजे मुंबईतही येतात. बॅलार्ड पिअर येथे २०२५ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाल्याने त्यांची सोयही वाढली आहे. परंतु मुंबईत उतरलेल्या पाहुण्याच्या वाट्याला येतात ती गेट वे ऑफ इंडिया, घारापुरीची लेणी आणि महालक्ष्मीचा धोबीघाट ही ठरलेली ठिकाणे. इथले पेय कोणते, असे त्याने विचारलेच तर वाटाड्या नाशिककडे बोट दाखवील. नाशिकची वाइन नावारूपाला आली आहे, हे खरे. पण जाता-येता सात-आठ तास रस्त्यातच गेले तर चाखायला वेळ उरायचा कुठला? डहाणूजवळच्या बोर्डीत चिकूपासून वाइन बनविणारा उद्योग उभा राहिला आहे, तोही बंदरापासून असाच दूर. शिवाय द्राक्षाची वाइन जगात शंभर ठिकाणी मिळते. या किनाऱ्याचे स्वतःचे म्हणावे असे पेय नाशिकहून पुष्कळ जवळ, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे. उत्तन, चौक, पाली, डोंगरी या गावांभोवती अद्याप दिसणाऱ्या ताडांच्या शेंड्यांवर ते तयार होते. त्याचे नाव ताडी.

नावानेच अनेक भुवया उंचावतील, यात शंका नाही. शहरी वाचकाच्या मनात ताडी म्हटले की वस्तीतले कळकट केंद्र, भेसळ आणि पोलिसांचे छापे उभे राहतात. ही प्रतिमा सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती ताडाने घडविलेली नसून गेल्या दीडशे वर्षांतील करआकारणीने आणि कायद्याने घडविलेली आहे. त्याकडे वळण्यापूर्वी हे पेय मुळात आहे काय, हे पाहिले पाहिजे.

ताड, माड आणि शिंदी ही एकाच कुळातील तीन झाडे. ताडापासून ताडी निघते, माडापासून म्हणजे नारळाच्या झाडापासून माडी आणि शिंदीच्या झाडापासून निघते ती शिंदी. तिन्हींचे तत्त्व एकच. झाड फुलोरा धरू लागले की मुळांपासून शेंड्याकडे शर्करायुक्त रस चढतो. माडाची पोय उमलण्याआधी ती बांधून, हलके ठोकून तिचे टोक धारदार कोयत्याने पातळ कापतात आणि खाली मडके अडकवितात. थेंब थेंब रस मडक्यात गळू लागतो. ताडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. दोन्हींच्या फुलोऱ्यांतून रस काढता येतो. ज्या मादी झाडांना छेद दिला जात नाही, त्यांना उन्हाळ्यात ताडगोळे लगडतात. छेद एकदा देऊन भागत नाही. कापलेली जागा सुकते, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पुन्हा झाडावर चढून एक पातळ काप काढावा लागतो. पातळ म्हणजे किती, हे सांगता येत नाही, हाताला कळावे लागते. जाड काप गेला तर फुलोरा लवकर संपतो, फार बारीक गेला तर रस आटतो. सत्तर-ऐंशी फूट उंचीवर, पायांत दोरीचा फास अडकवून, एका हाताने झाड धरून हे काम करायचे असते. असे झाड लावल्यापासून छेद देण्याजोगे होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. तेव्हा ताड लावणारा बहुधा पुढच्या पिढीसाठीच लावत असतो.

फुलोऱ्यातून गळणारा रस निव्वळ गोड असतो. त्यात साखरेचे प्रमाण शेकडा दहा-बारा इतके असते आणि मद्यार्क मुळीच नसतो. ही झाली नीरा. पण मडक्याच्या तोंडाशी, फुलोऱ्यावर आणि हवेत यीस्ट व जिवाणू टपलेलेच असतात. विरजण न लावता दूध नासावे तसा हा रस आपोआप आंबू लागतो. आंबविणाऱ्या जिवाणूंपैकी झायमोमोनास नावाचा जिवाणू मेक्सिकोतील पुल्के या पेयातही आढळतो. घायपाताच्या जातीतल्या झाडाच्या रसापासून बनणारे पुल्के हे ताडीचे सातासमुद्रापलीकडचे भावंडच म्हणायचे. सूर्य वर चढला की किण्वनाचा वेग वाढतो. पहाटेची नीरा दुपारपर्यंत फेसाळ, किंचित आंबट ताडी झालेली असते आणि तिच्यात सौम्य बिअरइतका, म्हणजे चार-पाच टक्के मद्यार्क उतरतो. संध्याकाळी ती अधिक कडक होते आणि दुसऱ्या दिवशी तिचा शिरका होऊ लागतो. नीरा नीराच राहावी असे वाटत असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. चुन्याने रसाचा आंबटपणा मारला जातो आणि किण्वन लांबते. तरीही सूर्योदयापूर्वी उतरवून थंड ठेवणे भाग असते.

ताडीचे सारे अर्थकारण आणि तिची सारी शोकांतिका या घड्याळात आहे. मदेराच्या वाइनचे उदाहरण येथे बोलके ठरते. उष्ण कटिबंधातून जहाजाच्या तळाशी हिंदकळत, तापत गेलेली ती वाइन बिघडण्याऐवजी अधिक रुचकर झाली आणि त्या अनुभवातूनच तिला उष्णता देऊन मुरविण्याची पद्धत रूढ झाली. समुद्रप्रवासाने तिचे भाग्य उजळले. ताडी मात्र उत्तनहून बॅलार्ड पिअरपर्यंतचा प्रवासही धडपणे करू शकत नाही. ती बाटलीत भरावी तर झाकण उडते, उकळून टिकवावी तर चव जाते. ज्याला ती प्यायची आहे, त्याने झाडापाशी आले पाहिजे. पर्यटनाच्या भाषेत याला गुण म्हणतात, व्यापाराच्या भाषेत दोष.

तिला टिकविण्याचा एक जुना मार्ग म्हणजे तिचे ऊर्ध्वपातन करणे. ताडी-माडीपासून काढलेली अराक सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या युरोपीय खलाशांच्या परिचयाची होती. इंग्रजीतला ‘पंच’ हा पेयवाचक शब्द आपल्या ‘पाच’ या शब्दावरून आला, असे मानले जाते. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला ही त्यातली पाच द्रव्ये. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इंग्रजांच्या अशाच एका पेयाची नोंद केली आहे. म्हणजे दूरच्या जहाजातून उतरून इथल्या पेयाची चव घेणारा प्रवासी ही काही आजची कल्पना नव्हे.

उत्तन ज्या बेटावर आहे, ते धारावी बेट. मुंबईतील धारावीशी त्याचा संबंध नाही. मनोरी आणि गोराई ही याच बेटावरील गावे मुंबई महापालिकेत मोडतात, तर उत्तन आणि परिसर मीरा-भाईंदरमध्ये. १५३४ च्या तहानंतर वसई आणि साष्टीचा हा मुलूख दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला; धारावीच्या किल्ल्यासाठीही तेव्हा लढाई झाली. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या हाती पडली. सत्ता बदलत गेल्या, पण झाडावर चढणारा माणूस तोच राहिला. तो प्रामुख्याने भंडारी. हाच समाज लढवय्या म्हणूनही प्रसिद्ध होता आणि मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए याने शहराच्या रक्षणासाठी १६६९ मध्ये उभारलेली भंडाऱ्यांची पलटण मुंबई पोलीस दलाची पूर्वज मानली जाते. साष्टीतील अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही कोळी, कुणबी, भंडारी या ओळखी त्यांच्यात दीर्घकाळ टिकून राहिल्या. ताडासाठी इंग्रज अधिकारी ‘ब्रॅब’ असा शब्द वापरत; पोर्तुगिजांच्या ‘पाल्मेरा ब्रावा’ म्हणजे रानटी ताड या नावाचे ते अपभ्रष्ट रूप. गंमत म्हणजे हा शब्द मुंबई प्रांताच्या अबकारी कागदपत्रांत घट्ट रुतून बसला, आणि रानटी म्हटलेल्या झाडावर कर मात्र काटेकोरपणे बसविला गेला.

झाडावरील कर पूर्वीही होते. परंतु १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने चित्र पालटले. मद्य बनविणे, विकणे, वाहून नेणे आणि झाडाला छेद देणे हे सारे सरकारी परवान्याखाली आले. चार्ल्स प्रिचर्ड हे मीठ व अबकारी खात्याचे आयुक्त होते आणि महसूल वाढविण्यासाठी त्यांनी झाडामागील कर वाढवत नेला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांना मक्ता देण्याचे धोरण आले. ठाणे, कुलाबा आणि मुंबईला उरणच्या भट्ट्यांतील मोहाची दारू पुरविली जाऊ लागली. सरकारच्या दृष्टीने त्यात सोय होती. झाडे हजार ठिकाणी विखुरलेली, भट्टी मात्र एका कुंपणात. ताडी स्वस्त असती तर ही दारू कोण घेणार? म्हणून ताडी महाग झाली. भंडाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठविला, पण त्याचा उपयोग मर्यादितच झाला. पुढे १८९२ मध्ये खास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध आणणारा कायदा झाला आणि घराच्या अंगणात फुले साठविणेही संशयास्पद ठरले. सौम्य पेयाकडून कडक दारूकडे लोकांना वळविण्याचे श्रेय, किंवा अपश्रेय, बऱ्याच अंशी या महसुली धोरणाकडे जाते.

स्वातंत्र्यानंतर आली दारूबंदी. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात बंदी लागू झाली. पुढे ती सैल होत गेली. पण कायदा रद्द झाला नाही. नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आले, इतकेच. परवान्याविना ताडाला छेद देणे आजही गुन्हा आहे आणि मद्य पिणाऱ्याने परवाना बाळगावा, ही अपेक्षाही कायम आहे. परदेशी पाहुण्यासाठीसुद्धा या कायद्यात परवान्याची तरतूद करावी लागली! बंदीच्या काळात ताडीला एक सोज्वळ वारस लाभला, तो नीरेचा. गांधीजींनी नीरा आणि ताडगुळाचा पुरस्कार केला होता. वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने त्याचे प्रयोग केले. छेद देणाऱ्याचा रोजगार जाऊ नये आणि दारूही होऊ नये, असा त्यामागचा विचार. उपनगरी रेल्वे स्थानकांवरील नीरेचे स्टॉल जुन्या मुंबईकरांना आठवत असतील. सकाळच्या गर्दीत उभ्याने रिचविलेला तो थंड पेला ही कित्येकांची ताडाशी झालेली एकमेव भेट.

दुसरीकडे बंदीने हातभट्टीला जन्म दिला. खाडीकाठच्या तिवरांच्या आडोशाला भट्ट्या लागल्या आणि मद्य जितके कमी जागेत लपेल तितके बरे, या न्यायाने ते अधिकाधिक कडक, अधिकाधिक विषारी होत गेले. मनोरीच्या खाडीपलीकडे मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. त्या दारूचा ताडाशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु झाडावरून उतरविलेली ताडी आणि रसायनांची भेसळ यांतला फरक सर्वसामान्य ग्राहकाला पेल्यात पाहून कळत नाही. ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे द्रव्य पाण्यात मिसळून विकण्याचे प्रकारही वारंवार उघडकीस आले आहेत. झाडे कमी आणि मागणी अधिक असली की असे होणारच. ज्या गावात झाड, चढणारा आणि पिणारा एकमेकांना ओळखतात, तिथे ही फसवणूक कठीण असते.

धारावी बेटावरील ताडीचे खरे आयुष्य मात्र केंद्रात नव्हे तर स्वयंपाकघरात गेले. येथील मूळचे ख्रिस्ती रहिवासी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवितात. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी हे नाव अधिकृतपणे धारण केले. त्यांच्याकडील लग्नातले फुगे हे गोल, पोकळ, तळलेले पाव फुगतात ते परंपरेने ताडीच्या खमिराने. तांदळाचे पीठ वाफवून केलेल्या पदार्थांनाही हलकेपणा ताडीच देते. बाजारात यीस्टची पाकिटे आली तेव्हा ताडीची गरज सरली, पण जुन्या हाताच्या बायका चवीतला फरक ओळखतात. ताडीचा शिरका मांसाच्या कालवणात पडतो आणि ते टिकवितो. लग्नाच्या मांडवात दिले जाणारे खिमाड हे वेगळे प्रकरण. दारूत साखर आणि दालचिनी, वेलदोडा, लवंग असे मसाले घालून ते गरम करतात आणि लहान पेल्यांतून पाहुण्यांच्या हाती देतात. मुंबईच्या कोणत्याही हॉटेलच्या यादीत ते सहसा सापडायचे नाही. बंदरावर उतरलेल्या परदेशी पाहुण्याला दाखवावे असे काही असेल, तर ते हेच.

मग ते दाखविले का जात नाही? गोव्याकडे पाहिले की उत्तराचा एक भाग मिळतो. तेथे काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. मुरगाव बंदरात उतरलेल्या प्रवाशाला काजूची बोंडे तुडविण्याची जागा, रस आंबविण्याची मडकी, भट्टीतून प्रथम उतरणारे सौम्य उराक आणि दुसऱ्या खेपेची फेणी हे सारे दाखविता येते. तेथे भट्टी उघड्यावर आली, महाराष्ट्रात ती तिवरांत राहिली. अर्थात फेणी वर्षानुवर्षे टिकते, हा तिचा मोठाच फायदा. गोव्यातही माडावर चढणारे रेंदेर कमी होत आहेत आणि माडाच्या फेणीला काजूइतकी प्रतिष्ठा लाभलेली नाही, हेही नोंदविले पाहिजे. केरळने ताडीच्या दुकानांना जेवणाची जोड देऊन ती पर्यटकांना आपलीशी केली. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये मोहाच्या फुलांवरील निर्बंध उठवून जुनी चूक काही अंशी सुधारली. ताडीच्या बाबतीत मात्र तिच्याकडे वारसा म्हणून पाहण्याची तयारी अद्याप दिसत नाही.

उत्तराचा दुसरा भाग झाडांत आणि माणसांत आहे. झाडावर चढण्याचे काम जोखमीचे, हंगामी आणि समाजात मान नसलेले. शिकलेल्या मुलाने त्यात यावे, अशी अपेक्षा करणेही अवघड. त्यात मीरा-भाईंदरची वाढ. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महापालिका झालेले हे शहर मिठागरे आणि भातखाचरे गिळत पश्चिमेकडे सरकत आले आहे. डोंगरी येथील नियोजित मेट्रो कारशेडसाठी सुमारे बारा हजार झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ मध्ये स्थानिकांनी आणि पर्यावरणप्रेमींनी मोठा विरोध केला. त्या डोंगरावरची झाडे बहुतेक अन्य जातींची आणि प्रश्नही निव्वळ ताडाचा नाही. पण पंधरा वर्षे वाट पाहून फळ देणाऱ्या झाडाची कोणी लागवड करावी, तर ती जमीन पंधरा वर्षांनी मोकळी राहील याची थोडी तरी खात्री हवी. ती खात्री या पट्ट्यात आज कोण देऊ शकतो?

एक योग मात्र जुळून आलेला आहे. मुंबईतील क्रूझचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यात ओसरतो. ताडाच्या रसाचा हंगामही साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंतचा. अडते ते दिवसाच्या वेळापत्रकात. जहाज सकाळी लागते, सोपस्कार उरकून प्रवासी बाहेर पडेपर्यंत नऊ-दहा वाजतात आणि पश्चिम द्रुतगती मार्गावरील कोंडीतून उत्तनला पोहोचेस्तोवर दुपार होते. तोवर पहाटेची नीरा संपलेली असते, झाडावर कोणी नसते आणि दुसरी खेप ऊन उतरल्यावर, जेव्हा प्रवाशांना परत जहाज गाठायचे असते. फुंशालमधील पिंपे पाहुण्याची वाट पाहू शकतात, उत्तनचे मडके पाहत नाही.

मात्र काही मोठी जहाजे मुंबईत रात्रभर थांबतात, कारण त्यांच्या प्रवाशांना विमानाने आग्र्याला जाऊन ताजमहाल पाहायचा असतो. जे मागे राहतात, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवसाची पहाट मोकळी असते. चार वाजता बॅलार्ड पिअरहून निघाले, तर रिकाम्या रस्त्याने उजाडण्यापूर्वी उत्तन गाठता येते आणि चुना लावलेले मडके खाली उतरताना पाहता येते. ती नीरा पिण्यासाठी मद्यसेवनाचा परवानाही लागत नाही.